बायपासनंतरची औषधांची पिशवी: तासगाव तालुक्यातील एक प्रकरण

रुग्ण ४३ वर्षांच्या, तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार कुटुंबातल्या. वजन कमी करण्यासाठीची रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया जूनमध्ये पुण्यात झाली. ऑक्टोबर छाटणीची धांदल उरकल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला, त्या सांगलीला आमच्या ओपीडीत आल्या. वजन ११२ किलोवरून ८५ वर आले होते. साडेपाच महिन्यांत २७ किलो, म्हणजे शस्त्रक्रियेने आपले काम चोख केले होते. तक्रार मात्र वेगळीच होती. "वजन उतरलं डॉक्टर, पण अंगात जीव राहिला नाही."

ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही घरगुती तपशील येथे दिलेले नाहीत. हे प्रकरण सविस्तर मांडायचे कारण असे की, यात दुर्मीळ काहीच नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डिस्चार्ज कार्डही नीट लिहिलेले होते. तरीही पाच महिन्यांत चार वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आणि चारही औषधांशी जोडलेल्या होत्या. सांगली-मिरजेचा भाग दवाखान्यांसाठी जुना नावाजलेला आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेतले मिशन हॉस्पिटल १८९४ चे. तरीही लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी पुणे-मुंबई गाठणारे बरेच आहेत. ऑपरेशन तिकडे होते आणि पुढची सगळी वर्षे इकडे, गावातल्या मेडिकलवर आणि फॅमिली डॉक्टरवर काढायची असतात. या दोन टोकांच्या मध्ये औषधांची यादी कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

आधीची स्थिती

शस्त्रक्रियेपूर्वी उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय ४६. मधुमेह सात वर्षांपासून, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.९. थायरॉइड कमी असल्याचे निदान बारा वर्षांपूर्वीचे. रोज १२५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन आणि त्यावर टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा आकडा) ३.१, म्हणजे व्यवस्थित. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० अधिक लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ही जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधे. साखरेसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर (हळू सुटणारी) यांची जोडगोळी दोन वेळा. गुडघे दुखत, त्यासाठी अधूनमधून 'दुखण्याची गोळी'. दोन मुले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. गुटखा, तंबाखू खाणे नाही, पण रोज सकाळी मशेरी. ही शेवटची गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, कारण 'तंबाखू खाता का' या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' असेच दिले होते. आमच्याकडच्या बायकांना मशेरीबद्दल वेगळे विचारावे लागते.

डिस्चार्जच्या वेळी साखरेची जोडगोळी बंद करून साधी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, तीही एक महिना आणि मग दाखवून ठरवायचे, असे लिहिले होते. आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन, पित्तखडे होऊ नयेत म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, दरमहा बी १२ चे इंजेक्शन. वेदनाशामके टाळावीत, असेही होते. थायरॉइडपुढे दोन शब्द: 'चालू ठेवा'. हे सगळे इंग्रजीत आणि सोनोग्राफीच्या फायलीत घडी घालून ठेवलेले.

पोटातला रस्ता बदलतो म्हणजे काय

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात आणि लहान आतडे वर आणून थेट तिला जोडतात. उरलेले जठर, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि त्यापुढचा लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा पोटातच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या जुन्या वाटेने येऊन बऱ्याच खाली अन्नाला भेटतात.

गोळीच्या दृष्टीने याचे चार परिणाम होतात. नव्या छोट्या पिशवीत आम्ल फार कमी असते आणि घुसळणही कमी, त्यामुळे ज्या गोळीला विरघळायला आम्ल लागते ती अडते. लोहासारखे जे पदार्थ प्रामुख्याने ड्युओडेनममध्ये शोषले जातात, त्यांचा थांबाच वगळला जातो. चरबीत विरघळणाऱ्या औषधांना पित्ताची गाठ उशिरा पडते. चौथा परिणाम उलट दिशेचा आहे. काही औषधांचा बराचसा भाग वरच्या आतड्याच्या भिंतीतली विकरे मोडून टाकतात. ती भिंतच टळली की अशी औषधे रक्तात जास्त पोचू शकतात.

वरून शरीरही बदलत असते. चरबी घटते, यकृतावरची सूज उतरते, इन्सुलिनला दाद मिळू लागते. म्हणून 'ऑपरेशननंतर औषध कमी लागू पडतं' हे सरसकट विधान चुकीचे आहे, आणि ते मानून मात्रा वाढवत जाणे धोक्याचे. मेटफॉर्मिनचेच पाहा. कॅनडात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बायपास झालेल्या १६ जणांची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या १६ जणांशी केली होती. बायपासवाल्यांच्या शरीरात मेटफॉर्मिन कमी नव्हे, सुमारे दीडपट पोचत होती. आतड्यातून अन्न पुढे सरकण्याची गती आणि आतड्याने स्वतःला नव्या कामाशी जुळवून घेणे, ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत चित्र आणखी वेगळे. तिथे जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, पण आतड्याला हात लावत नाहीत. आम्ल कमी होते आणि जठर लवकर रिकामे होते, इतकेच. मिनी बायपासमध्ये बरेच लांब आतडे वगळले जाते. 'वजनाचं ऑपरेशन झालंय' एवढ्यावर डॉक्टरने किंवा मेडिकलवाल्याने थांबू नये. कोणते झाले, हे कागद पाहून ठरवावे.

पिशवी टेबलावर

आम्ही प्रत्येक जुन्या रुग्णाला औषधे प्रत्यक्ष आणायला सांगतो. यादी सांगते काय घ्यायला हवे, पिशवी सांगते काय घेतले जाते. सिस्टरांनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. थायरॉक्सिनची बाटली होती. पॅन्टोप्राझोल, लोह, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम कार्बोनेट होते. रक्तदाबाची जुनी जोडगोळी होती. साध्या मेटफॉर्मिनऐवजी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआरची जुनी जोडगोळी होती. आणि कात्रीने कापलेला एक स्ट्रिपचा तुकडा, चारच गोळ्या, मागच्या चंदेरी कागदावर नावाची फक्त शेवटची अक्षरे उरलेली: '...फेनॅक'.

साखरेच्या गोळीचा उलगडा लगेच झाला. महिन्याभराची साधी मेटफॉर्मिन संपली, द्राक्षाच्या कामात दाखवायला जाणे लांबले, आणि घरच्यांनी मेडिकलमध्ये "साखरेची नेहमीची द्या" म्हणून जुनी गोळी आणली. तेव्हापासून ती चालू.

"यातल्या कुठल्या कधी घेता, ताई?"

"सगळ्या एकदमच, सकाळच्या चहाबरोबर. बागेत गेलं की राहून जातात."

या एका वाक्यात निम्मे निदान होते.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांना सांगायला लाजत होत्या, ती सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितली. संडासात दोन-तीनदा अख्खीच्या अख्खी पांढरी गोळी दिसली होती. 'मग पोटात काहीच राहत नाही की काय, औषध घेऊन उपयोग काय,' या विचाराने त्या रात्र रात्र जागत होत्या. असे दिसते ते बहुधा मेटफॉर्मिन एसआरचे टरफल असते. औषध हळूहळू सुटावे म्हणून गोळीला जो सांगाडा दिलेला असतो, तो औषध झिरपून गेल्यावर रिकामा बाहेर पडू शकतो आणि धडधाकट माणसालाही दिसू शकतो. म्हणजे टरफल दिसले म्हणून औषध वाया गेले असे नाही. पण बायपासनंतर गोळीला मिळणारा वेळ, ओलावा आणि घुसळण यांचा हिशेब कोणी खात्रीने मांडू शकत नाही. म्हणून हळू सुटणारी गोळी शक्यतो टाळून साधी द्यायची, असा सर्वमान्य रिवाज आहे. एसआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर अशी शेपटी असलेली प्रत्येक गोळी निदान तपासून घ्यावी. आणि अशी गोळी कुटून किंवा चुरून कधीही देऊ नये, कारण मग चोवीस तासांचे औषध एकदम सुटते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे गोळ्या चुरून घ्यायला सांगितलेले असते. तेव्हा नेमकी हीच गल्लत घरोघरी होते.

तपासणीत काय निघाले

बसल्यावर रक्तदाब ९८/६४, उभे केल्यावर ८२/५८ आणि डोळ्यांपुढे अंधारी. नाडी ६२. त्वचा कोरडी, चेहरा किंचित सुजलेला, बद्धकोष्ठ, थंडी वाजणे, केस मूठमूठ गळणे. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६. टीएसएच ४१, मोकळे टी ४ (रक्तातले थायरॉइडचे हार्मोन) कमी. व्हिटॅमिन डी १४, पॅराथॉर्मोन (कॅल्शियम कमी पडले की वाढणारे हार्मोन) वाढलेले. बी १२ ठीक, कारण उपकेंद्रातल्या सिस्टर न चुकता इंजेक्शन देत होत्या. एचबीए१सी ५.४. लोहाची कमतरता आणि रक्तस्राव असताना हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो, म्हणून आम्ही त्यापेक्षा घरच्या ग्लुकोमीटरवर भर दिला. त्यात सकाळी अकराच्या आसपासच्या नोंदी होत्या: ६१, ५८, एकदा ५४.

घरात या सगळ्याला एकच नाव होते, अशक्तपणा. सासूबाई मायेने गुळाचा खडा आणि शेंगदाण्याचा लाडू देत. गूळ खाल्ल्यावर घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब, ते डंपिंग, म्हणजे गोड एकदम आतड्यात उतरल्याने होणारा त्रास. म्हणजे साखर कमी झाल्याचा त्रास एक आणि ती वाढवायला खाल्लेल्या गुळाचा त्रास दुसरा, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. बायपासनंतर जेवल्यावर एक ते तीन तासांनी साखर घसरण्याचा एक स्वतंत्र विकार आहे, पण तो सहसा वर्ष उलटल्यावर दिसतो. इथे महिने थोडे झाले होते आणि पोटात ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवला आहे की नाही हे ती पाहत नाही. ज्या बाईच्या सकाळच्या न्याहारीत अर्धी वाटी नाचणीची आंबील मावते, तिला ही गोळी द्यायची नसते.

केस गळणे आणि थकवा यांनीही फसवणूक केली. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतातच, वजन झपाट्याने उतरताना थकवाही येतो. त्यामुळे थायरॉइड ढासळतोय ही शंका कोणाला आली नाही. थायरॉक्सिनवर असलेल्या रुग्णाची टीएसएच शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिन्यांनी आणि वजन उतरत असेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायलाच हवी, लक्षणांची वाट पाहू नये.

मग शौचाचा रंग विचारला. काळी होते, पण 'लोहाच्या गोळीनं होते असं सांगितलंय.' खरेच आहे, लोहाने शौच काळपट-हिरवट होते. पण ही "चिकट, डांबरासारखी, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहते, आणि वास सहन होत नाही." लोहाच्या काळेपणाला असा चिकटपणा आणि असा वास नसतो. दुसऱ्या दिवशी मिरजेला एंडोस्कोपी झाली. जठराची पिशवी आणि आतडे जिथे जोडतात तिथे आतड्याच्या बाजूला सुमारे एक सेंटिमीटरचा व्रण होता. त्या घडीला वाहत नव्हता. एच. पायलोरी हा व्रण करणारा जंतू नव्हता.

कारण हातात होते: कापलेल्या स्ट्रिपवरचे '...फेनॅक'. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी वेदनाशामके बायपासच्या जोडावर व्रण करतात. आतड्याला आम्लाची सवय नसते, आणि ही औषधे त्याचे उरलेसुरले संरक्षक आवरण कमजोर करतात. धूम्रपान हे अशा व्रणाचे ठळक कारण आहे. मशेरीतूनही निकोटीन शरीरात जातेच, म्हणून तीही बंद करायला सांगितली. डिस्चार्ज कार्डावर 'वेदनाशामके टाळावीत' होते, पण ताईंच्या लेखी ती वेदनाशामक नव्हतीच, ती गुडघ्याची गोळी होती. रुग्णाला औषधाच्या गटाचे नाव सांगून भागत नाही. ज्या नावाने तो गोळी मागतो त्याच नावाने ती बंद करावी लागते.

थायरॉक्सिनचा निर्णय

या प्रकरणात सर्वांत जास्त विचार इथे करावा लागला. टीएसएच ४१ पाहून सहज हात जातो तो मात्रा वाढवण्याकडे: १२५ वरून १५०, नाहीतर थेट १७५. बायपास झालाय, शोषण कमी झालंय, मात्रा वाढवा. तर्क सरळ दिसतो.

पण थायरॉक्सिन मुख्यतः जेजुनम आणि इलियममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या आणि खालच्या भागांत शोषले जाते, आणि तो भाग शाबूत होता. बायपासनंतरही थायरॉक्सिनचे शोषण अनेकांत बऱ्यापैकी टिकून राहते. शिवाय वजन उतरले की गरज घटते. कित्येकांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर कमी करावी लागते. मग ४१ का? कारण थायरॉक्सिन चहाच्या घोटाबरोबर, कॅल्शियमबरोबर, लोहाबरोबर आणि मल्टिव्हिटॅमिनबरोबर एकाच वेळी पोटात जात होते. कॅल्शियम आणि लोह त्याला बांधून ठेवतात. बांधलेले थायरॉक्सिन आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही. त्यात पॅन्टोप्राझोलने आधीच कमी असलेले आम्ल आणखी कमी केलेले.

म्हणून मात्रा १२५ च ठेवली आणि वेळा तोडल्या. घरात सगळे पाचला उठतात. पाच वाजता फक्त थायरॉक्सिन, साध्या पाण्याबरोबर. तासाभराने चहा. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन यांपैकी काहीही त्यानंतर किमान चार तासांनी.

"एवढं वेगवेगळं कशाला? पोटात जाऊन एकच होतं की सगळं," असे ताईंचे यजमान म्हणाले. त्यांना विचारले, "भाऊ, बोर्डोच्या टाकीत तुम्ही दुसरं औषध ओतता का?" ते हसले नाहीत, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, फाटतं. कामच करत नाही मग." कुठल्या फवारणीत काय मिसळायचे नाही आणि दोन फवारण्यांत किती अंतर ठेवायचे, हे द्राक्षवाल्याला शिकवावे लागत नाही. त्यानंतर वेळापत्रक सांभाळायचे काम त्यांनीच अंगावर घेतले.

थायरॉक्सिनचे अर्धायुष्य साधारण सात दिवसांचे आहे, त्यामुळे बदलाचा खरा परिणाम कळायला सहा आठवडे लागतात. त्याआधी टीएसएच करून मात्रा हलवली तर आपणच आपला गोंधळ करून घेतो. जोखीम नव्हती असे नाही. मोकळे टी ४ कमी असलेल्या, ॲनिमिया असलेल्या रुग्णाला आणखी दीड महिना थांबवायचे होते. पण नाडी-रक्तदाब पाहता, गुंगी किंवा सूज वाढली तर लगेच या असे सांगून, आणि दर आठवड्याला फोन ठेवून, थांबणे योग्य वाटले.

बाकीची फेरमांडणी

ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद. मेटफॉर्मिनची साधी ५०० ची गोळी एक वेळ, आणि तीही पंधरा दिवस साखर स्थिर राहिल्यावर थांबवली. साखर ७० च्या खाली गेली तर गूळ नाही. ग्लुकोज पावडरचे तीन छोटे चमचे पाण्यातून, आणि सावरल्यावर उकडलेले अंडे किंवा मूठभर फुटाणे. रक्तदाबाची गोळी बंद केली. कमी पाणी पिणाऱ्या, निम्मे खाणाऱ्या माणसाला लघवी वाढवणारे औषध देत राहणे म्हणजे चक्कर ओढवून घेणे. घरी रोज दोनदा रक्तदाब नोंदवायला सांगितला. पुढच्या महिन्यात तो ११०-११८ च्या दरम्यान राहिला, गोळीशिवाय.

व्रणासाठी आम्ल कमी करणारे कॅप्सूल दिवसातून दोनदा, पण उघडून. आतले दाणे चमच्यावर घेऊन न चावता गिळायचे. अखंड कॅप्सूल उघडायला आणि त्यातले दाणे विरघळायला जो वेळ लागतो, तो बायपासनंतर पुरेसा मिळेलच असे नाही. कॅप्सूल उघडून दिल्यास जोडावरचे व्रण लक्षणीय लवकर भरतात असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दाणे भरडायचे मात्र नाहीत, कारण आम्लापासून वाचवणारे आवरण प्रत्येक दाण्याला असते. जोडीला सुक्राल्फेटचे सिरप. सुक्राल्फेट हे थायरॉक्सिनलाही धरून ठेवते, म्हणून त्याचा पहिला डोस सकाळी साडेअकराला आणि शेवटचा रात्री झोपताना, म्हणजे पहाटेच्या गोळीपासून लांब.

लोह तोंडावाटे देण्यात अर्थ नव्हता: ड्युओडेनम वगळलेले, आम्ल दाबलेले, व्रण ताजा. शिरेतून द्यायचे ठरले. एकाच बैठकीत मोठी मात्रा देता येणारे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज सोयीचे असते, पण त्याने रक्तातले फॉस्फेट घसरू शकते, आणि व्हिटॅमिन डी कमी व पॅराथॉर्मोन जास्त असलेल्या रुग्णात हा धोका वाढतो. म्हणून आयर्न सुक्रोज, २०० मिलिग्रॅम एक दिवसाआड, पाच वेळा. एसटीने खेपा घालाव्या लागल्या. इथे सोयीपेक्षा हाडांचा विचार महत्त्वाचा होता.

कॅल्शियम कार्बोनेट बदलून कॅल्शियम सायट्रेट दिले. कार्बोनेटला विरघळायला आम्ल हवे, सायट्रेटला नको. बायपासनंतर दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त आतडे घेत नाही. म्हणून आहारातले धरून दुपारी आणि रात्री असे विभागून. व्हिटॅमिन डी ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे.

गुडघ्यासाठी फक्त साधे पॅरासिटामॉल. मेडिकलमध्ये पॅरासिटामॉल मागितले तर पुष्कळदा त्यात दुसरे वेदनाशामक मिसळलेली जोडगोळी हातात पडते, म्हणून फायलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले: 'पोटाचा बायपास झाला आहे. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नये.' सत्तावीस किलो उतरल्यावर गुडघ्यांची तक्रारही निम्म्याने कमी झालेली होती. ॲसिक्लोफेनॅक गरजेपेक्षा सवयीने चालू होती.

सगळे वेळापत्रक एका पानावर, मराठीत, गोळीच्या रंगासह. ते पान स्वयंपाकघरात लागले आणि त्याची एक प्रत त्यांच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे गेली. मेडिकलवाल्यांनी ते मनापासून स्वीकारले. मला वाटते, या साखळीत त्यांना आपण फार कमी सामील करून घेतो, आणि रुग्ण तर सर्वांत जास्त वेळा त्यांच्याच काउंटरवर येतो.

ताईंच्या पिशवीत नसलेली औषधे

आणखी काही औषधे अशी आहेत की, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवून ठेवावे लागते. हृदयाची झडप बदललेल्यांची, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन: पहिल्या आठवड्यांत तिची गरज घटते, नंतर हळूहळू वाढते, त्यामुळे सुरुवातीला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) वरचेवर हवा. नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे शोषण बायपासनंतर भरवशाचे नसते, म्हणून पहिले चार आठवडे तरी इंजेक्शनवर राहावे असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. अपस्माराच्या काही गोळ्या हळू सुटणाऱ्या असतात. त्या साध्या स्वरूपात बदलून रक्तातली पातळी पाहावी. लिथियम घेणाऱ्यांत उलटे होते: पाणी कमी प्यायल्याने आणि वजन उतरल्याने पातळी विषारी होऊ शकते. नैराश्याच्या काही गोळ्या बायपासनंतर रक्तात कमी पोचतात आणि जुने दुखणे डोके वर काढते. तरुण स्त्रियांना तर स्पष्ट सांगावे: वजन उतरले की पाळी सुधारते, गर्भधारणा सहज होते, नेमकी तेव्हा तोंडाने घ्यायची गर्भनिरोधक गोळी बायपासनंतर भरवशाची नसते. दिवस जाण्याआधी बारा ते अठरा महिने थांबायचे असते, म्हणून कॉपर टी किंवा इंजेक्शन बरे. आणि कोणाला सतत उलट्या होत असतील तर सलाइनमधून डेक्स्ट्रोज (साखर) लावण्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी १) द्यावे. ते राहिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावाकडे 'अशक्तपणा आहे, बाटली लावा' ही मागणी रोजची आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

पुढचे महिने

सात आठवड्यांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, टीएसएच ६.४. मात्रा तीच, १२५. बदलली ती फक्त वेळ आणि सोबत. चेहऱ्यावरची सूज उतरली, बद्धकोष्ठ गेले. हिमोग्लोबिन १०.८. अकराच्या चक्करा बंद. फेब्रुवारीतल्या एंडोस्कोपीत व्रण भरलेला दिसला, सुक्राल्फेट थांबवले, कॅप्सूल एकदाच केले. मशेरी सोडायला ताईंना औषध बदलण्यापेक्षा जास्त कष्ट पडले, पण सुटली.

मार्चमध्ये वजन ७६ किलो. या वेळी टीएसएच ०.२, म्हणजे मात्रा आता जास्त होत होती. नोव्हेंबरमध्ये आकडा पाहून १७५ केली असती, तर या टप्प्यावर छातीत धडधड, हाडांची झीज आणि वजन वेगाने उतरतेय म्हणून सगळ्यांचे समाधान, असा प्रकार झाला असता. मात्रा १०० मायक्रोग्रॅम केली. मेमध्ये वजन ७३, टीएसएच १.९, हिमोग्लोबिन १२.१. व्रण भरल्यानंतर लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमपासून दोन तास लांब, पुन्हा सुरू केली आहे, पण फेरिटिन अजून २२ वरच आहे. पाळी चालू असेपर्यंत अधूनमधून शिरेतून लोह लागेल, असे दोघांना सांगितले आहे.

पुढची टीएसएच, फेरिटिन, व्हिटॅमिन डी आणि पॅराथॉर्मोन खरड छाटणीची कामे उरकल्यावर, ऑगस्टमध्ये. वजन अजून चार-पाच किलो उतरले तर थायरॉक्सिन ८८ वर आणावे लागेल, अशी शक्यता धरून ठेवली आहे. येताना पिशवी आणायचीच आहे.